साक्षीदार बरणीवाले सर

"केसांना काय लावलंय?"

नोकरीच्या पहिल्या दिवशी सरांनी मला विचारलेला हा पहिला प्रश्न. नाव नाही, गाव नाही, शिक्षण नाही. मी नुकतंच लग्न होऊन वसईच्या एव्हरशाईन सिटीत राहायला आले होते. सासूबाईंनी सकाळी कौतुकानं डोक्यावर तेल थापलेलं, वर अबोलीचा गजरा. गोखिवऱ्याच्या त्या प्रयोगशाळेत पाऊल टाकलं आणि हा उंच, सडपातळ माणूस माझ्याभोवती एक चक्कर मारून, नाक वर करून हवेत हुंगतोय! म्हटलं झालं, कपाळ माझं, कुठल्या येड्याच्या हाताखाली येऊन पडले.

"खोबरेल," मी म्हटलं.

"नुसतं खोबरेल नाही. त्यात कापूर आहे, आणि आणखीही काहीतरी आहे. आज असू दे. माती आणायच्या दिवशी मात्र चालायचं नाही."

माती आणायच्या दिवशी काय काय चालायचं नाही, याची यादी मग वर्षभर वाढतच गेली. तेल नाही, पावडर नाही, गजरा नाही, नेलपॉलिश तर अजिबात नाही. डोकं दुखत असलं तर दुखू द्यायचं, बाम चोळायचा नाही. सासूबाई म्हणायच्या, "अगं, नव्या नवरीनं असं भुंड्या कपाळानं नि कोरड्या केसांनी जायचं? ऑफिसला जातेस की सुतकाला?" त्यांना काय सांगणार! सरांसमोर कुंकवापुरती परवानगी मिळवायलाही मला भांडावं लागलं होतं.

आमचं काम ऐकायला विचित्र, सांगायला सोपं. पेट्रोल पंपाच्या टाक्या जमिनीत पुरलेल्या असतात. गॅरेजं असतात, कारखान्यांची तेलाची पिंपं असतात. कुठे गळती झाल्याचा संशय आला की तिथली माती आणायची आणि तिच्यात पेट्रोल, डिझेल, घासलेट यांतलं काय मुरलंय ते शोधायचं. मातीतून काढलेला अर्क मशीनमध्ये सोडला की शेजारच्या कागदावर पेन डोंगर काढत जायचं. पेट्रोलचे डोंगर सगळ्यांत आधी, घासलेटचे मधे, डिझेलचे मागून. सवय झाली की डोंगर बघून तेल ओळखता यायचं, जसं जिन्यावरच्या पावलांवरून घरातलं कोण आलं ते कळतं.

सर आमचे मुख्य केमिस्ट. तीन खोल्यांची ती प्रयोगशाळा मालकांची होती, पण तिथे राज्य सरांचं होतं. मालक एव्हरेडी सेलसारखे गोल, हसरे, घाईतले. "अहो सर, रिपोर्ट द्या ना लवकर, पार्टी खोळंबलीय," हे वाक्य कायम त्यांच्या तोंडी असायचं. सरांचं उत्तरही ठरलेलं, "पार्टी खोळंबू दे. माती हजारो वर्षं खोळंबलीय, ती काही तक्रार करत नाही."

सरांच्या बोलण्याला अशी एक तिरकी चाल होती. पेट्रोलबद्दल ते खोडकर भाच्याबद्दल बोलावं तसे बोलत. बरणी मातीनं काठोकाठ भरायची, वर बोटभरसुद्धा जागा सोडायची नाही, हा त्यांचा कायदा. मी एकदा बरणी थोडी रिकामी ठेवली तर म्हणाले, "बाई, याला बसायला ओसरी दिलीत तुम्ही. आता हा मातीतून उठून ओसरीवर येऊन बसणार, आणि लॅबमध्ये झाकण उघडलं की चपला घालून निघून जाणार. आपण मातीत शोधत बसायचं!" मी हसले, पण बरणी पुन्हा भरली.

एकदा आगाशीकडचे एक बागायतदार गॅरेजशेजारची माती घेऊन आले. खताच्या तपासणीसाठी नेतात तशी त्यांनी ती सावलीत वर्तमानपत्रावर पसरून वाळवलेली, गाठी फोडून चाळलेली, अगदी रांगोळीसारखी. बिचाऱ्यांनी केवढी मेहनत घेतली होती. सरांनी त्यांना खुर्ची दिली, पाणी दिलं, आणि पुडी हातात धरून इतक्या हळुवारपणे म्हणाले, "दादा, तुमची बायको घरी चिवडा करते ना? वर्तमानपत्रावर पसरून ठेवला तर वास कुठवर जातो? पार शेजाऱ्याकडे. तसं तुमचं पेट्रोल गेलं शेजाऱ्याकडे. आता ही नुसती माती उरलीय, आणि ती मी तुम्हाला निर्दोष म्हणून लिहून दिली तर गॅरेजवाला तुम्हाला पेढे देईल." बागायतदार आधी ओशाळले, मग खो खो हसले. दुसऱ्या दिवशी सर स्वतः बरण्या घेऊन त्यांच्याकडे गेले.

पण या सगळ्यावर कडी म्हणजे सरांचा साक्षीदार. माती आणायला निघताना आमच्या बर्फाच्या पेटीत रिकाम्या बरण्यांबरोबर एक भरलेली बरणी असायची. तिच्यात भट्टीत भाजून स्वच्छ केलेली वाळू. ती वाळू आमच्याबरोबर यायची, आम्ही माती काढत असू तोवर झाकण उघडून तिथेच बसायची, परत यायची, आणि बाकीच्या बरण्यांसारखीच मशीनमध्ये तपासली जायची. हेतू हा की आमच्याच हातांचा, कपड्यांचा, रिक्षेचा किंवा तिथल्या हवेचा काही दोष नमुन्यांना लागला असेल तर तो त्या वाळूत दिसावा. वाळू कोरी निघाली तरच बाकीच्यांवर विश्वास ठेवायचा. दुनियाभरच्या प्रयोगशाळांत हे करतात, त्यात नवल नाही. पण सर त्या बरणीला मांडीवर घेऊन बसत. "साक्षीदार घेतलात का?" विचारल्याशिवाय रिक्षा हलत नसे. एक रिक्षावाला मला हळूच विचारता झाला, "मॅडम, उसमें अस्थी है क्या?"

रिक्षाही जागेपासून लांब, वाऱ्याच्या उलट्या बाजूला थांबवायची आणि तिथून पेटी, फावडं, मातीत भोकं पाडायचं ते लोखंडी गिरमिट, सगळं हातात धरून चालत जायचं. उन्हात माझा जीव जायचा. मी कुरकुर केली की म्हणायचे, "आधी स्वतःवर संशय घ्यावा बाई, मग जगावर." मला तेव्हा या वाक्याचा मनस्वी राग यायचा. अहो, आपण काय चोऱ्या करतोय की काय!

विरारला त्यांचा दोन खोल्यांचा फ्लॅट होता. गणपतीला मी नवऱ्याबरोबर गेले होते. खिडकीत ओळीनं कुंड्या, आणि एकाही कुंडीत रोप नाही! नुसती माती. एकीत लाल, एकीत काळी, एकीत खाडीची करडी. मी बघतच राहिले तर त्यांची बायको प्रसाद देता देता म्हणाली, "जिथे जातात तिथून आणतात. रोज पाणी घालायचं. काही उगवलं तर उपटायचं नाही, काही पेरायचं नाही. शेजारणी विचारतात, वहिनी, बी कधी टाकणार? काय सांगू मी त्यांना?" सर आरतीचं तबक पुसत म्हणाले, "ज्याचं त्याला उगवू द्यावं." एका कुंडीत तेवढा आघाड्याचा एक हिरवा कोंब होता.

आता मूळ गोष्टीवर येते. सर आठवले की मला आठवते ती वसईच्या खाडीकडच्या एका गावातली ती वाडी.

केळी, सोनचाफा, मोगऱ्याचे वाफे, आणि मधोमध दगडी काठाची विहीर. त्या भागात खाडीचं खारं पाणी आत आत सरकत चाललेलं. शेजारपाजारच्या विहिरी मचूळ झालेल्या, ही एकच गोड राहिलेली. घरात एक आजी, तिचा मुलगा विलास, सून आणि लग्नाला आलेली नात. विलास बँकेत नोकरीला होता आणि सकाळ-संध्याकाळ वाडी बघायचा. नातीचं लग्न ठरलं होतं, पावसाळ्यानंतर मार्गशीर्षात. आणि फाल्गुनात त्या विहिरीच्या पाण्याला घासलेटसारखा वास यायला लागला.

कुंपणापलीकडे रस्त्याला लागून पेट्रोल पंप होता. आणखी काय हवं? विलासनं सरळ सरकारी कचेरीत तक्रार ठोकली की पंपाची टाकी गळतेय, पंप बंद करा. पंपवाले म्हणाले, आमची टाकी शाबूत आहे. दोन घरांचं बोलणं बंद झालं. पंपवाल्यांची बायको पूर्वी रोज देवाला चाफा न्यायला यायची, ती यायची थांबली. कचेरीनं सांगितलं, मातीचा रिपोर्ट आणा, मग सुनावणी. असा विलास आमच्याकडे आला.

सर आदल्या दिवशी जाऊन पाहणी करून आले. माती कुठून कुठून काढायची तिथे त्यांनी काठ्या रोवल्या. आजी त्यांच्या मागे मागे फिरत होती म्हणे. विहिरीच्या काठाशी आली आणि म्हणाली, "सायबा, माज्या सासूला या पान्यानं हलद लागली, मला लागली, सुनेला लागली. आता नातीला काय नलाचं पानी घालू? तू कायपन कर, माजी बाव मला परत दे." तिकडे विहिरीला बाव म्हणतात. सरांनी हे मला दुसऱ्या दिवशी वाटेत सांगितलं.

आम्ही पोचलो तर अंगण झाडून लख्ख, आजी नऊवारी नेसून उभी, ओट्यावर शहाळी सोलून ठेवलेली. काठ्यांभोवतीची जागासुद्धा झाडून ठेवलेली. इतका पाहुणचार मी सोयरिकीतही बघितला नव्हता. घासलेटचा वास तर सगळ्या वाडीभर. मला बाई मनातून आनंदच झाला, म्हटलं सापडलं! सर मात्र गिरमिट फिरवता फिरवता थांबले, ओणवे झाले. "वास खालून यायला हवा," एवढंच पुटपुटले. आम्ही बरण्या काठोकाठ भरल्या, बर्फात ठेवल्या, साक्षीदाराला झाकण लावलं आणि परतलो.

मशीननं डोंगर काढले. सगळ्या नमुन्यांत घासलेट. आणि साक्षीदाराच्या कागदावरही तोच डोंगर, लहानसा, पण तोच.

मालक खुशीत आले. "आढळलं ना? मग लिहा, पेट्रोलियम पदार्थ आढळले. यात खोटं काय आहे?" खरंच, एका अक्षरानं खोटं नव्हतं. पाणी नासलं होतं, माती वासत होती, मशीन सांगत होतं. विलासचे फोनवर फोन येत होते. सुनावणी तोंडावर आली होती. सर कागद घेऊन आपल्या खोलीत गेले, दार लावून बसले. संध्याकाळी बाहेर आले आणि म्हणाले, "रिपोर्ट होणार नाही. साक्षीदार फितूर झालाय. उद्या वाडीवर जायचं."

वाडीवर सरांनी आजीला ओट्यावर बसवलं आणि विचारलं, "आजी, आम्ही यायच्या आधी तिथे कुणी काही टाकलं होतं का?"

आजीचा चेहरा उजळला. "मीच तर मारलं घासलेट! तुज्या काठ्या होत्या ना, तितं सगलीकडे. लाल मुंग्या कडाडून चावतात रे. तुमी शिकलेली मानसं, उगड्या हातांनी मातीत काम करनार, म्हनलं पावन्यांना चावायला नको."

मी कपाळावर हात मारला. सर हसले नाहीत, रागावलेही नाहीत. हात जोडून म्हणाले, "आजी, आमच्या हातांची काळजी आजवर कुणी एवढी घेतली नव्हती. पण त्या बरण्या आता फुकट गेल्या."

विलास तिथेच उभा होता. त्याचा चेहरा पांढरा पडला. "फुकट कशा? सर, घासलेट काय आणि डिझेल काय, तेलच ना शेवटी? आईनं टाकलं ते वरवर. विहीर तर आधीपासून नासलीय! सुनावणी पुढच्या आठवड्यात आहे. तुम्ही फक्त आढळलं एवढं लिहा, बाकी मी बघतो."

"विहीर नासलीय हे खरं आहे," सर म्हणाले. "कुणी नासवली, ते या बरण्यांना माहीत नाही."

"मला माहीत आहे ना!"

"मग तुम्ही सही करा. माझी कशाला हवी?"

विलासनं आम्हाला जवळजवळ हाकलूनच दिलं. आणि खरं सांगते, माझं मन विलासच्या बाजूनं होतं. परतीच्या रिक्षात मी सरांना फाडफाड बोलले. म्हटलं, तुम्हाला माणसं दिसतच नाहीत का? त्या म्हातारीची विहीर गेली, पोरीच्या लग्नात तिचा जीव अडकलाय, आणि तुम्ही वाळूच्या बरणीशी इमान राखत बसलात! दगड आहात तुम्ही, दगड! गोखिवऱ्याचा नाका आल्यावर सर उतरले आणि म्हणाले, "उद्या पेटीला बर्फ जास्त घ्या. आजी बोलावतील."

आणि आजीनं बोलावलं. सुनावणीची तारीख विलासनं नाइलाजानं पुढे मागून घेतली होती. आम्ही गेलो तर आजी काठी घेऊन वाडीच्या तोंडाशी बसलेली. कोंबड्या डालग्याखाली, कुत्रा बांधलेला. मला बघून म्हणाली, "ये पोरी. आज चूलपन गोवरीवर पेटवली. घासलेटचा डबा सकालीच शेजारी नेऊन ठेवला, बग हात हुंगून!" आणि खरंच हात पुढे केला. मी हुंगला. त्याला ताकाचा वास होता.

सरांनी या वेळी काठ्या रोवल्या नाहीत. आजीनं घासलेट मारलेल्या जागा सोडून त्यांनी कुंपणापासून विहिरीपर्यंत सरळ रेषेत खोल भोकं घेत जायचं ठरवलं. पंपाचं तेल येत असेल तर कुंपणाशी सगळ्यांत जास्त असणार आणि विहिरीकडे कमी कमी होत जाणार, हे कुणालाही समजण्यासारखं होतं. कुंपणाशी गिरमिट पार खाली गेलं. वर आलेली माती ओलसर, तांबूस, आणि तिला नुसता मातीचा वास. विलास म्हणाला, "आणखी खोल जा." सर खोल गेले. काही नाही. पुढचं भोक, काही नाही. विहिरीच्या अलीकडे पुसट वास आला. सर थांबले, काठावर उभे राहून सगळ्या वाडीकडे एकदा बघितलं, आणि विहिरीला वळसा घालून पलीकडे गेले.

पलीकडे मोडक्या भिंतींची एक खोली होती. वीज यायच्या आधी विहिरीवर डिझेलचं इंजिन होतं, त्याची ती जागा. इंजिन केव्हाच भंगारात गेलं होतं, छप्पर पडलं होतं, आत घाणेरीची झुडपं माजली होती. सरांनी कोपऱ्यात गिरमिट लावलं. हातभर जाते न जाते तोच वास असा वर आला की मी तोंडाला पदर लावला. आणखी थोडं फिरवलं आणि खालून लोखंडावर लोखंड आपटल्याचा आवाज आला.

आजी हळूहळू चालत आली, भोकात डोकावली आणि होती तिथे खाली बसली.

"ह्यांचं पिंप," ती म्हणाली. "तवा डिझेल मिलत नव्हतं. चोरीला जाईल म्हनून ह्यांनी जमिनीत पुरून ठेवलेलं. मंग लाईट आली. मंग हे गेले. मी इसरूनच गेली रे... मी पार इसरून गेली."

नवऱ्यानं जपून ठेवलेलं ते डिझेल इतकी वर्षं पत्रा खात खात शेवटी विहिरीला जाऊन मिळालं होतं. मशीननंही नंतर तेच सांगितलं. जुनं, शिळं झालेलं डिझेल. कुंपणाकडची माती स्वच्छ. आणि साक्षीदाराचा कागद या वेळी सपाट, एक टेकाडसुद्धा नाही.

सरांनी रिपोर्ट लिहिला. आधीच्या फुकट गेलेल्या बरण्यांची हकीकतसुद्धा त्यात लिहिली, आणि विलासच्या हातात नेऊन दिला. विलास वाचत गेला तसतसा लाल होत गेला. "म्हणजे आमची तक्रार, आमचीच विहीर, आणि दोषीही आम्हीच? हा कागद मी कचेरीत नेऊ? त्या पंपवाल्यांना तोंड कसं दाखवू?"

सर म्हणाले, "रिपोर्ट तुमचा आहे. न्या, नाहीतर फाडा. पिंप मात्र पावसाच्या आत काढा."

विलासनं फाडला नाही. कचेरीत जाऊन तक्रार मागे घेतली. ते सोपं नसणार. गावात लोक हसलेच असतील. मला तोवर तो नुसता डोकं फिरलेला माणूस वाटायचा, त्या दिवसापासून मी त्याच्याबद्दल वावगं बोलत नाही.

पिंप निघालं. त्याच्याभोवतीची काळी पडलेली माती खणून, ताडपत्रीत बांधून, सर सांगतील तिथे नेली. उन्हाळाभर विहिरीचा उपसा चालला. पाणी वर काढायचं, वरचा तेलाचा तवंग पोत्यांनी टिपायचा, पुन्हा काढायचं. सर रविवारी विरारहून उठून तिकडे जायचे. कुणी बोलावलेलं नसायचं. पाऊस आला, विहीर भरली, काठावरून वाहिली. प्रत्येक वेळी ते पाण्याची बाटली भरून आणत आणि मशीनला लावत. डोंगराची टेकडी झाली, टेकडीचं वारूळ झालं. दिवाळीनंतरच्या एका दुपारी पेन कागदावर सरळ रेघ ओढत गेलं ते गेलंच. सर मशीनसमोर उभे होते. म्हणाले, "पुन्हा लावा." मी पुन्हा लावलं. पुन्हा सरळ रेघ. मला तर नाचावंसं वाटत होतं, आणि हा माणूस म्हणतो, "आणखी एकदा."

हळदीचं आवतण द्यायला विलास स्वतः आला. सरांना वाकून नमस्कार करायला गेला तर ते मागे सरकले आणि टेबलावर आदळले.

वाडीत मांडव पडला होता. विहिरीला हळदकुंकू वाहिलेलं, काठावर दिवा. पाणी काढायला सुवासिनी जमलेल्या, कळश्यांना हळदीची बोटं ओढलेली. विलासची बायको कळशी उचलणार एवढ्यात आजी म्हणाली, "थांब. तिला येऊ दे."

कोण ते कुणालाच कळेना. मग कुंपणाच्या फाटकातून पंपवाल्यांची बायको आली. भरजरी साडी, पण चाल अशी की कधीही मागे फिरेल. एवढ्या महिन्यांनी ती त्या अंगणात पाऊल टाकत होती. आजी उठली, तिच्यापुढे जाऊन उभी राहिली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "बाय, आमी तुमाला चोर म्हनलो. तेल आमच्याच घरचं होतं. आता पयला हात तू लाव, नायतर माज्या नातीला हलद लागायची नाय."

त्या बाईचे डोळे भरून आले. "काय हो आजी, असं कुणी बोलतं का?" म्हणत तिनं पदर खोचला आणि कळशी विहिरीत सोडली. बायकांनी गाणं उचललं. मी रडत होते, उगाच नाही सांगत.

सर मांडवाच्या टोकाला केळीखाली उभे होते. आजी तिथे गेली. म्हणाली, "सायबा, तवा तू तो पयला कागद दिला असतास, तर काय झालं असतं?"

"पंप बंद झाला असता."

"आनि आमी? आमी त्यांच्या नावानं बोटं मोडत बसलो असतो, आनि आमचंच इख पीत ऱ्हायलो असतो. नातीलापन तेच पाजलं असतं." तिनं सरांच्या गालांवरून हात फिरवून कानशिलांवर बोटं मोडली. "द्येव तुज्या हाताला यश दिल."

आजी गेल्यावर मीही म्हटलं, "सर, मी तुम्हाला त्या दिवशी दगड म्हणाले, तसे राहिलात म्हणून हे झालं."

सरांनी नाही म्हणून मान हलवली. मग विहिरीकडे बघत, अगदी हळू आवाजात म्हणाले, "बाई, त्या दिवशी दार लावून मी सही केली होती."

"कशावर?" मी विचारलं.

"पहिल्या रिपोर्टवर. पूर्ण सही, तारखेसकट. आजी डोळ्यांसमोरून हलेनात. म्हटलं, एवढ्या वर्षांत एकदा कुणाचं भलं करून बघू." त्यांनी केळीचं एक वाळकं पान ओढून काढलं. "तासभर तो कागद समोर ठेवून बसलो. मग फाडला. का फाडला, ते आजही सांगता यायचं नाही मला. फाडला नसता तरी मी स्वतःला भला माणूसच समजलो असतो."

तिकडे नातीच्या डोक्यावर पहिला तांब्या ओतला गेला आणि ती गार पाण्यानं किंचाळली. सगळा मांडव हसला. सर हसले नाहीत. म्हणाले, "म्हातारी थोडक्यात वाचली हो माझ्या दयेतून."

तोवर मी त्या माणसाला मानत होते. त्या दिवशी मला त्यांची माया वाटली. मी त्यांच्या हाताला धरलं, आणि आम्ही दोघं हळद लावायला पुढे गेलो.